बोकड्या सर

पिवळा रंग त्यांना चालत नसे. हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, आणि मिरची संशोधन केंद्रावर रुजू व्हायच्या पहिल्याच दिवशी मी हळदी रंगाचा नवा ड्रेस घालून गेले. नोकरी लागली म्हणून आईनं हौसेनं शिवून घेतलेला. मिरचीच्या प्लॉटच्या फाटकाशी एक उंच, खांद्यात वाकलेला माणूस उभा होता. त्यांनी माझ्याकडे न बघता हात आडवा केला आणि म्हणाले, "तुम्ही बाहेरच थांबा."

मला वाटलं, माझं काही चुकलं. मी तशीच उन्हात उभी. ते लांब ढांगा टाकत ऑफिसात गेले आणि परत आले ते स्वतःचा जुना निळा कोट घेऊन. तो अंगात घालून, बाह्या चार वेळा दुमडून घेतल्यावरच मला आत प्रवेश मिळाला. पुढे कळलं ते असं, की मिरचीचा रोग पसरवणारी पांढरी माशी पिवळ्या रंगावर धावते. अंगावर बसून ती एका प्लॉटातून दुसऱ्या प्लॉटात जाऊ नये म्हणून सरांचा हा नियम होता, आणि तो सगळ्यांना सारखाच लागू असे. एकदा एक मोठे साहेब पिवळा फेटा बांधून पाहणीला आले, त्यांनाही सरांनी फेटा उतरवायला लावला. साहेबांनी उतरवलाही. नंतर सरांची बढती दोन वर्षं अडली. त्याचा संबंध या फेट्याशी होता की नव्हता, हे मला ठाऊक नाही. केंद्रावर मात्र सगळे तसंच म्हणत.

त्यांना सगळे मागून 'बोकड्या सर' म्हणत. मिरचीला एक विषाणूचा रोग पडतो. पानं आकसतात, वाटीसारखी वर वळतात, झाड खुजं राहतं आणि फळ धरत नाही. आमच्या नगर जिल्ह्यात शेतकरी त्याला बोकड्या म्हणतात. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, माझ्या तोंडात अजून नगरच येतं.) सरांनी या एका रोगामागे नोकरीची सगळी वर्षं घातली. औषध फवारून माशी मारण्यात त्यांना रस नव्हता. रोग ज्याला होतच नाही असं झाड शोधायचं आणि त्याचा तो गुण पुढच्या पिढ्यांत उतरवायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात असे. आपलं हे नाव त्यांना माहीत होतं. एकदा शिपायानं फोनवर चुकून "बोकड्या सर आत आहेत" असं सांगितलं आणि ते मागेच उभे होते. ते फक्त म्हणाले, "बाहेर आहेत म्हणून सांगा, मी प्लॉटवर चाललोय."

मिरची त्यांना खाता येत नसे. पोटात जुना व्रण होता. डब्यात रोज दहीभात, वर मीठ. पण नव्या झाडाची मिरची आली की ती मोडून जिभेच्या टोकाला लावल्याशिवाय ते राहत नसत. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचं आणि ते तसेच उभे राहून वहीत तिखटपणा लिहायचे. कोणी पाणी पुढे केलं तर हातानंच नको म्हणायचे. चव जायची ती आपोआप जाऊ द्यावी, असं त्यांचं म्हणणं.

सगळ्यांना ते 'तुम्ही' म्हणत. शिपायाला, मजूर बायकांना, मला, झाडांनाही. त्यातही निरोगी झाडांकडे ते फारसं लक्ष देत नसत. आजारी झाडांपाशी मात्र ओणवे होऊन हळू आवाजात बोलत. "काय म्हणता? शेंडाही धरला का?" असं त्यांचं चाले. मी नवी होते तेव्हा मला हसू यायचं. ते म्हणाले, "हसू नका. माहिती आजारीच झाड देतं. निरोगी झाड नुसतं उभं असतं."

केंद्रावर जाळीचे पिंजरे होते. आत रोगट झाडांवर त्यांनी पांढऱ्या माश्या पाळल्या होत्या. त्या भरपेट रस पिऊन विषाणूवाहक झाल्या की रोपांवर सोडायच्या आणि तीन आठवडे वाट बघायची. बाहेर शेतकरी माश्या मारायच्या मागे, आणि इथे हा माणूस माश्यांना थंडी वाजू नये म्हणून पिंजऱ्याला गोणपाट लावतोय. हे बघून भेटीला आलेले शेतकरी एकमेकांकडे बघायचे.

ज्या झाडापासून हे सगळं सुरू झालं, ते काष्टीचं. मी यायच्या आधीची ही गोष्ट, त्यांनीच सांगितलेली. त्यांना आठवडी बाजार हिंडायची सवय होती. त्या साली बोकड्यानं सगळीकडची मिरची खाल्ली होती. काष्टीच्या बाजारात जी थोडी मिरची आली होती, ती वाकडी, खुरटलेली. त्यात एका बाईपुढे मात्र बारीक, काळपट हिरव्या, तकतकीत मिरच्यांचा ढीग. सरांनी तिला विचारलं, ही कुठली. तिनं सांगितलं, विहिरीच्या मोटारीपाशी पाटाच्या कडेला आपोआप उगवलेलं झाड आहे, कोणी लावलेलं नाही. सर तिच्याबरोबर टेम्पोत बसून तिच्या शेतावर गेले. आजूबाजूचा सगळा वाफा आकसलेला आणि मध्ये ते एकच झाड, पसरलेलं, पान न् पान सरळ. सर त्याच्यापाशी मातीत बसले ते ऊन कलेपर्यंत उठले नाहीत.

पुढे मी त्या बाईंना भेटले तेव्हा त्यांनी त्यांच्या बाजूनं सांगितलं. "मला वाटलं, मानसाला ऊन लागलं. म्या तांब्याभर पानी आनून दिलं. तर म्हनतो, मावशी, या झाडाचं बी मला द्या. म्या म्हनलं, घेऊन जा की. लई बारीक मिरची हाय, इकायला परवडत न्हाई."

सरांनी त्यांना सांगितलं होतं, की याचा गुण मोठ्या मिरचीत उतरवून बी परत आणून देईन. बाईंनी ते मनावर घेतलं नव्हतं.

मी रुजू झाले तेव्हा त्या बारीक मिरचीचा आणि बाजारात चालणाऱ्या मोठ्या मिरचीचा संकर नुकताच झाला होता. पहिल्या पिढीची रोपं आली. आम्ही माश्या सोडल्या. तीन आठवड्यांनी बघितलं, तर एकूण एक रोप आकसलेलं. एकही वाचलं नाही. मी पिंजऱ्यापाशी उभी राहून रडले. इतक्या लांबून आणलेला गुण पहिल्याच पिढीत गेला, असं मला वाटलं. मागून सर आले. त्यांनी एकेक रोप बघितलं आणि मोटारसायकल काढून गावात गेले. तासाभरानं पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि सगळ्यांना वाटायला लागले. मला वाटलं, यांच्या डोक्यावर परिणाम झाला.

त्यांनी मला बसवून समजावलं. गुण गेलेला नाही, तो लपलेला आहे. आई आणि बाप दोघांकडून मिळाला तरच हा गुण दिसतो. एकाकडूनच मिळाला तर झाड आजारी पडतं, पण तो आत असतोच. सगळी रोपं आजारी पडली, म्हणजे गुण दडून बसणारा आहे. आता या आजारी रोपांचं बी धरायचं, गुण झाडाच्या गुणसूत्रांवर एकाच जागी असेल, तर पुढच्या पिढीत चारातलं एक रोप निरोगी निघेल. "या आजारी रोपांना जपा," ते म्हणाले. "त्यांच्या पोटात आहे ते."

आजारी रोपांना फळ धरणं कठीण. पण आम्ही जपलं आणि जेमतेम बी मिळालं. पुढच्या पिढीची मोजणी त्यांनी मला दिली. मी दोन दिवस मोजत होते. चारात एक यायला दोन-तीन रोपं कमी पडत होती, आणि तीन रोपं अशी होती की शेंड्याचं एखादंच पान जरासं वळलेलं. उन्हानंही वळलं असेल, असं म्हणून मी ती निरोगीत धरली. हिशेब बरोबर जुळला. वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी आकडा बघितला आणि मला विचारलं, "यातली कोणती रोपं तुम्ही माझ्यासाठी निरोगी केलीत?"

मी खाली मान घालून तिन्ही दाखवली. ते रागावले नाहीत. माझ्याबरोबर उन्हात पुन्हा सगळा प्लॉट मोजायला बसले, आणि ती तीन रोपं आजारीत लिहिली. चारात एकाला थोडं कमी पडलं, ते तसंच राहू दिलं. संध्याकाळी जाताना म्हणाले, "तुम्ही माझ्यावर दया केलीत. पण हे रोप उद्या कोणाच्या तरी शेतात जाणार आहे." मला त्या वाक्याची लाज पुष्कळ दिवस पुरली.

गुण दडून बसणारा असल्यामुळे सगळं काम दुप्पट लांबलं. मोठ्या मिरचीशी एकदा संकर केला, की तो आत आहे की नाही हे बघायला मध्ये आणखी एक पिढी घालवावी लागे. अशा पिढ्यांवर पिढ्या. मिरची लांब होत गेली, रंग चढत गेला, आणि सर म्हातारे होत गेले.

मिरचीचा संकर हातानं होतो. कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्यानं ती अलगद उघडायची, आतले नराचे भाग एकेक काढायचे आणि मधल्या नाजूक दांडीला धक्का लागू द्यायचा नाही. सरांच्या हाताखालून कळी वाया जात नसे. एका सकाळी मी बघितलं, त्यांच्यापुढे सहा-सात मोडलेल्या कळ्या पडल्या होत्या. आठवी त्यांनी धरली आणि चिमटा थरथरला. ती मोडली. त्यांनी चिमटा रुमालानं पुसला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "उद्यापासून तुमचे हात."

तो कंपवात होता. डॉक्टरांनी नाव सांगितलं त्याच्या आधी वर्षभर त्यांनी तो खिशात हात घालून लपवला होता. हे मला काकूंकडून कळलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. संगमनेरला दोघंच राहत. सरांचं काम काकूंना कळत नसे, आणि कळतं असं त्या दाखवतही नसत. संध्याकाळी दारात त्या एवढंच विचारत, "आज बरं झालं का?" सर हो किंवा नाही म्हणत. त्यावर त्यांचा संसार चालला होता.

सर निवृत्त झाले तेव्हा आमचा वाण जवळजवळ तयार होता. मोठी मिरची, चांगला रंग, आणि पिंजऱ्यात कितीही माश्या सोडा, पान वळत नव्हतं. शेतकऱ्यांच्या शेतात चाचणीला द्यायचं तेवढं बाकी होतं. पण सर तयार होईनात. एकाच जागेचा गुण आहे, ते म्हणायचे, विषाणू बदलला तर सगळं एका दिवसात जाईल. त्यांच्या कपाटात आणखी एका मिरचीचं बी होतं, कोकणातल्या कोणाच्या तरी परसातून आणलेलं. तिच्यात वेगळ्या जागेचा गुण होता. तो यात घालावा आणि मगच बी बाहेर द्यावं, असं त्यांचं म्हणणं. त्याला आणखी सहा-सात वर्षं लागली असती.

मी त्यांच्या मागे लागले. सरांचा हात आता ताटातून तोंडापर्यंत जायला वेळ घेत होता. सहा-सात वर्षांनी त्यांना काय दिसणार होतं? मला ती मिरची शेतात, खऱ्या मातीत त्यांना दाखवायची होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. शेतकऱ्यांना गरज आहे, दुसरा गुण मागाहून घालता येईल, असं सांगत राहिले. तीन-चार महिने त्यांना छळलं. अर्ज मीच लिहिला आणि संगमनेरला घेऊन गेले. त्यांनी बराच वेळ तो वाचला, मग सही केली. पहिल्या दोन सह्या गिचमिड झाल्या. तिसरी ओळखू आली. माझ्याकडे कागद देताना म्हणाले, "तुम्ही म्हणता तर."

बारा शेतकऱ्यांना रोपं दिली. पहिलं नाव काष्टीच्या बाईंचं. सर स्वतः आले होते. बाई तोवर पुष्कळ थकल्या होत्या. मोठ्या मिरचीचं रोप हातात घेऊन त्यांनी ते फिरवून फिरवून बघितलं आणि विचारलं, "ह्यात माजी बारकी कुटं हाय?" सर म्हणाले, "आत आहे, मावशी."

दोन वर्षं मिरची उभी राहिली. शेजारच्या वाफ्यात बोकड्या आणि बाईंच्या वाफ्यात पान न् पान सरळ. मी सरांना गाडीनं न्यायची. ते बांधावर खुर्ची टाकून बसत आणि नुसते बघत. एकदा त्यांनी हिरवी मिरची मोडून जिभेला लावली, डोळे वाहायला लागले आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. त्या दोन वर्षांत मी माझ्यावर फार खूश होते.

तिसऱ्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला बाईंचा फोन आला. मिरची वाकडी दिसतीय, येऊन बघा. मी एकटीच जाणार होते. पण फोन आला तेव्हा मी सरांच्याच घरी होते आणि माझा चेहरा बघून त्यांनी काकूंना आपली चप्पल काढून द्यायला सांगितलं.

सगळा वाफा आकसला होता. सरांनी हात धरून आत न्यायला सांगितलं. एका झाडापाशी ते कसेबसे बसले, पान उलटं करून शिरा बघितल्या आणि म्हणाले, "हा आपला नाही. नवीन आहे." पुढे तपासणीत तेच निघालं. विषाणू बदलला होता आणि आमचा गुण त्याला अडवत नव्हता. ते उठले, बाईंपुढे गेले आणि त्यांनी थरथरते हात जोडले.

"मावशी, माझं चुकलं. एकाच गुणावर भिस्त ठेवली. थांबायला हवं होतं, मी घाई केली."

बाईंनी त्यांचे जोडलेले हात खाली केले. मग म्हणाल्या, "दोन वर्सं खाल्ली की आमी ही मिरची. इकली. ते काय खोटं हुतं का?" आणि सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

सर तेवढ्यावर थांबले नाहीत. पुढचे चार दिवस त्यांनी मला बाकीच्या अकराही शेतकऱ्यांकडे न्यायला लावलं. फोन करून सांगू, असं मी म्हटलं, ते त्यांनी ऐकलं नाही. प्रत्येक दारात तेच. खुर्ची नको म्हणायचं, उभं राहून सांगायचं, की बी माझं होतं, मी घाई केली. कोणी समजुतीनं घेतलं. एकजण म्हणाला, तुमच्या भरवशावर लावली, आता वर्ष गेलं, हात जोडून काय होतंय? सर म्हणाले, काही होत नाही, बरोबर आहे. त्या बारा दारांत मी त्यांच्या शेजारी उभी होते. घाई माझी होती, हे एकाही दारात मी बोलले नाही. गाडीत बसल्यावरही नाही. रोज सकाळी ठरवायची, आज सांगायचं. संध्याकाळी त्यांना दारात सोडलं, की काकू विचारायच्या, "बरं झालं का?" आणि ते म्हणायचे, "नाही."

त्या हिवाळ्यात ते अंथरुणाला लागले. मी गेले की कोकणातल्या मिरचीबद्दल विचारायचे. तिच्याशी संकर मी सुरू केला होता. एकदा त्यांनी कागद मागितला आणि त्यावर सोळा घरं काढायला घेतली. रेषा कुठल्या कुठे जात होत्या. दोन्ही गुण दडून बसणारे, म्हणजे दोन्ही एकत्र सोळातल्या एकाच रोपात येणार. सोळावं घर काढायच्या आधी त्यांना झोप लागली. संक्रांतीनंतर आठवडाभरानं ते गेले. मी तेव्हा प्लॉटवर कळ्या उघडत होते. फोन आला तेव्हा हातात चिमटा होता, तो मी झाडाखालीच ठेवून निघाले.

यंदा त्या संकराच्या पुढच्या पिढीची रोपं आली. जुना आणि नवा, दोन्ही विषाणू त्यांच्यावर सोडले. तीनशेवर रोपांत एकोणीस सरळ उभी राहिली. आणखी एकाच्या शेंड्याचं पान जरासं वळलं होतं, ते रोप मी आजारीत धरलेलं आहे. आकडा वहीत लिहिला आणि तो कोणाला सांगावा ते कळेना. ऑफिसात नवे साहेब होते. मी बस धरून संगमनेरला गेले.

काकू ओट्यापाशी मेथी निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसून हातात एक जुडी घेतली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नेहमीचंच विचारलं, "बरं झालं का?"

"हो काकू," मी म्हणाले. मग मला थांबवेना. म्हणाले, "काकू, ती आधीची घाई सरांची नव्हती. माझी होती. त्यांना थांबायचं होतं. मी सही करायला लावली."

त्या मेथी निवडत राहिल्या. एक काडी पिवळी होती, ती बाजूला टाकली.

"मला माहितीय," त्या म्हणाल्या. "सही केली त्याच दिवशी ते मला बोलले होते. म्हणाले, पोरीला मिरचीची घाई नाही, माझी घाई आहे. तिला नाही कसं म्हणू?"